एस्टेस पार्कला आई-बाबांना घेऊन जायचंय : तीनपैकी घर कुठलं घ्यावं?

ह्यूस्टनी | १५ मार्च २०२५

मंडळी, मदत हवी आहे. यावरून घरात दोन तट पडलेत आणि धाकटा भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन लिंक टाकतोय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाच रात्री कोलोरॅडोत एस्टेस पार्कला जायचं नक्की आहे. आम्ही ह्यूस्टनहून, भाऊ डॅलसहून, आणि आई-बाबा तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आलेले असतील. एकूण माणसं नऊ. चार मोठे, तीन पोरं (११ वर्षं, ७ वर्षं आणि दीड वर्ष), बाबा ७४, आई ६९. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, आईला बीपीची गोळी आहे. एरवी दोघं ठणठणीत. हॉटेल नकोय, कारण आईला सकाळी साडेपाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो आणि बाबांना दोन वेळा वरणभात.

छाटून छाटून तीन जागा उरल्यात.

अ) पाइनच्या झाडीत तीन मजली लाकडी घर. छतापर्यंत काचा, समोर लाँग्ज पीक, डेकवर हॉट टब. चार बेडरूम, 'दहा जण झोपू शकतात'. रात्रीचे ५२० डॉलर. भावजय या घराच्या प्रेमात आहे. पत्ता एस्टेस पार्कचा म्हणतात, पण नकाशातला ठिपका गावाच्या बराच दक्षिणेला, हायवे ७ वर दिसतो.

ब) फॉल रिव्हरच्या काठाला शेजारशेजारचे दोन काँडो (फ्लॅट), प्रत्येकी दोन बेडरूम, दोन्ही तळमजल्यावर. फोटो अगदी सुमार. गालिचा बघून २००५ सालचं मोटेल आठवतं. दोन्ही मिळून ४९०.

क) लेक एस्टेसजवळ बैठं घर, तीन बेडरूम, पुढे अंगण. ४३०.

माझं मत क, बायकोचं मत 'कुठलंही घ्या पण एकदाचं घ्या'. कोणी राहून आलंय का?

---

झंपी

अ! अ! अ! हॉट टबमध्ये बसून लाँग्ज पीक बघायचा, अजून काय हवं आयुष्यात?

---

बोल्डरचा_गोटा

झंपी, आयुष्यात गुडघेही हवेत.

ह्यूस्टनी, मी बोल्डरला १४ वर्षं आहे, एस्टेसला वर्षातून चार-पाच चकरा होतात. आधी त्या ठिपक्याबद्दल. हायवे ७ वर दक्षिणेला म्हणजे ते घर बहुधा अ‍ॅलन्सपार्कच्या बाजूला आहे. जाहिरातीत सगळेच 'एस्टेस पार्क' लिहितात, कारण शोधणारे तेच नाव टाकतात. एस्टेस गाव ७,५२२ फुटांवर आहे, अ‍ॅलन्सपार्क साडेआठ हजारांच्या आसपास. तिथून दूध आणायला गावात यायचं म्हणजे वळणावळणाचा रस्ता, अर्धा तास जायला आणि अर्धा यायला. शिवाय ही डोंगरावरची घरं बघितलीत का? गाडी जिथे लागते तिथून दारापर्यंत पंधरा-वीस पायऱ्या, त्याही खडीच्या उतारावरून. फोटोत त्या कधीच येत नाहीत. मालकाला एकच फोटो मागा : गाडीच्या दारातून घराच्या दाराकडे बघताना काय दिसतं त्याचा. नाही पाठवला तर समजून जा.

---

खडूस_भाडेकरू

ते 'दहा जण झोपू शकतात' जरा नीट मोजा. माझ्या अनुभवात चार बेडरूममध्ये आठ, सोफाबेडवर एक आणि शिडीने चढायच्या माळ्यावर एक. त्या माळ्यावर अकरा वर्षांचं पोरगं पहिल्या रात्री आनंदाने झोपतं आणि दुसऱ्या रात्री आई-बापाच्या मध्ये येऊन पडतं.

दुसरं म्हणजे बाथरूम. तीन मजली घरात मास्टर बेडरूम नेहमी सगळ्यात वर असते, कारण 'व्ह्यू' तिथे असतो. खालच्या मजल्यावर अर्धं बाथरूम, म्हणजे आंघोळीला वर चढा. तुमचे बाबा रात्री किती वेळा उठतात ते तुम्हाला माहीत.

---

ह्यूस्टनी

दोनदा. कधी तीनदा. 😐

अ बाद होतंय असं दिसतंय. भावजयीला कोण सांगणार?

---

स्टेथो

मी सांगतो, माझ्या नावावर ढकला. (डॉक्टर आहे, पण तुमच्या आई-बाबांचा नाही. खरा सल्ला त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या.)

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. कळसूबाई ५,४०० फूट. डेन्व्हरचा विमानतळ ५,४३४ फूट. म्हणजे विमानातून उतरलात, बॅगांची वाट बघताय, आणि तुम्ही ऑलरेडी कळसूबाईच्या माथ्याच्या वर उभे आहात. तिथून दीड तासात ७,५०० फूट. ह्यूस्टन समुद्रसपाटीला. सकाळी शून्य आणि संध्याकाळी साडेसात हजार ही उडी तरण्या माणसालाही जाणवते : डोकं जड, भूक मेलेली, रात्री झोप उडालेली. उंचीचा त्रास साधारण आठ हजारांच्या पुढे जास्त दिसतो, आणि दिवसा कुठे फिरलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून अ आणि ब-क मधला हजार फुटांचा फरक मी तरी क्षुल्लक मानणार नाही.

पहिली रात्र डेन्व्हरला काढा. दुसऱ्या दिवशी सावकाश वर जा. पहिले दोन दिवस पाणी भरपूर, दारू शून्य, हॉट टब बेताचा. बीपीच्या गोळ्यांपैकी काहींमुळे लघवी जास्त होते, हवा कोरडी, त्यात पाणी कमी पडलं की चक्कर आलीच, त्यामुळे आईंच्या डॉक्टरांशी आधीच बोला. ट्रेल रिज रोड, म्हणजे नॅशनल पार्कमधला उंच घाटरस्ता, शेवटच्या दिवशी ठेवा. त्याचा माथा १२,१८३ फूट आहे, लेह त्यापेक्षा खाली आहे!

आणि हो, तिथल्या दुकानांत ऑक्सिजनचे छोटे डबे विकायला असतात. दोन मिनिटांची करमणूक. खरोखर दम लागला, गोंधळल्यासारखं झालं, तर डबा फुंकत बसू नका. गावात हॉस्पिटल आहे, इमर्जन्सी आहे, तिकडे जा आणि खाली उतरा.

---

लव्हलँडकाकू

स्टेथो, फार छान सांगितलंत.

ह्यूस्टनी, मी लव्हलँडला असते, एस्टेसच्या पायथ्याशी म्हण. गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा मी वर नेलाय. तुला खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही : वरणभात कुठे आणि कशात शिजवणार आहेस?

साडेसात हजार फुटांवर पाणी ९२ अंशाला उकळतं. खळखळ उकळताना दिसतं, पण ते शंभराचं पाणी नाही. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लावलीस तर तासाभराने वर पिवळं पाणी आणि खाली खडे. भात वरून फुललेला, आतून कचकचीत. चहासुद्धा फिका होतो, जास्त वेळ उकळावा लागतो. कुकरशिवाय जाऊ नकोस. कुकरमध्येही नेहमीपेक्षा साधारण चतुर्थांश वेळ जास्त धर, तीन शिट्ट्या होत असतील तर चार. आणि मालकाला विचार की शेगडी कसली आहे. बहुतेक ठिकाणी वर काच असलेली इलेक्ट्रिक शेगडी असते, तिच्यावर बुडाला गोलाई आलेला जुना हॉकिन्स चालत नाही, थरथरत बसतो. सपाट बुडाचा ने, नाहीतर इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) ने. मी इन्स्टंट पॉटवाली.

कणीक मळताना पाणी जास्त लागतं, झाकून ठेव, पाच मिनिटांत वर पापडी धरते. घरून चिवडा नेणार असशील तर पाकिटं फुगून उशीसारखी होतील. आमच्या नणंदेच्या पर्समध्ये एक फुटलं होतं. लिपस्टिकला अजून मसाल्याचा वास येतो.

भाजी-दूध-दही गावातल्या सेफवेत मिळतं. कढीपत्ता, नारळ, तुरीची डाळ मात्र डेन्व्हरहून घेऊनच वर ये.

---

उंटावरचा

काकूंच्या प्रतिसादाला एक जोड : फोडणी. नवीन केलेल्या घरांत ओपन किचन असतं आणि वरच्या एक्झॉस्टमधून हवा बाहेर जातच नाही, जाळीतून फिरून परत तोंडावर येते. मोहरी तडतडली, हिंग पडला की स्मोक अलार्म. आमच्याकडे तीन वेळा वाजला. तिसऱ्या वेळी सासरे स्टुलावर उभे राहून टॉवेलने वारा घालत होते आणि खाली पोरं टाळ्या वाजवत होती.

त्याहून वाईट पुढे. परत आल्यावर चार दिवसांनी मालकाचा मेसेज : 'तीव्र वास' घालवायला दीडशे डॉलर, आणि पांढऱ्या ओट्यावरच्या पिवळ्या डागाचे वेगळे. डाग हळदीचा होता, मान्य. वासाचं मी भांडलो. निघताना काढलेला व्हिडिओ होता म्हणून वाचलो. घरात शिरताना एक आणि निघताना एक, असे दोन व्हिडिओ काढाच. कपाटं, ओटा, गाद्या, हॉट टबचं झाकण, सगळं.

---

खडूस_भाडेकरू

हळदीवरून आठवलं : आईच्या डोक्याला खोबरेल असणार. घरून दोन जुने अभ्रे आणि एक गडद टॉवेल न्या. पांढऱ्याशुभ्र उशांवर तेल उमटलं की साफसफाईच्या बिलात 'लिनन' नावाची ओळ उगवते.

---

पायवाट

मी वेगळ्या बाजूने बोलतो, कोणाला लागलं तर लागो.

एस्टेस पार्क गावची वस्ती २०२० च्या जनगणनेत ५,९०४. शेजारच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला वर्षाला चाळीस लाखांवर माणसं येतात. हॉटेलात भांडी घासणारा, सेफवेत काउंटरवर बसलेली, शाळेतली शिक्षिका यांना गावात भाड्याने घर मिळेनासं झालं, कारण घरांचे झाले व्हेकेशन रेंटल. म्हणून गावाने निवासी भागातल्या अशा घरांच्या परवान्यांवर २६६ ची मर्यादा घातली. २०२२ च्या मतदानात मुक्कामावरचा कर २ वरून ५.५ टक्के झाला, तो वाढीव पैसा कामगारांच्या घरांना आणि पाळणाघरांना जातो. बिलात कराची ओळ बघून कुरकुरण्याआधी हे माहीत असावं.

तुमच्या दृष्टीने कामाचं म्हणजे गावाच्या हद्दीतल्या घराला परवाना क्रमांक असतो आणि तो जाहिरातीत लिहावा लागतो. क्रमांक नसेल तर का नाही ते विचारा. हद्दीबाहेर काउंटीचे (जिल्ह्याचे) नियम. आणि माणसांचीही मर्यादा असते : दर बेडरूममागे दोन, वर दोन. साध्या परवान्यावर जास्तीत जास्त आठ. त्याच्या वर माणसं असतील तर मोठ्या घराचा वेगळा परवाना.

तुम्ही नऊ आहात.

---

ह्यूस्टनी | १८ मार्च २०२५

अरेच्चा. हे डोक्यातच आलं नव्हतं. क च्या जाहिरातीत खरंच 'कमाल ८' लिहिलंय आणि मी 'दीड वर्षाचं बाळ कोण मोजतंय' असं म्हणून पुढे गेलो होतो.

मालकाला लेखी विचारलं. उत्तर आलं : आठ म्हणजे आठ. सभ्य भाषेत होतं, पण दार बंद.

---

झंपी

मग बाबांना अंगणात झोपवा 😜

---

लव्हलँडकाकू

झंपी, अंगणात एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं झोपतात. खरंच. सकाळी उठून पडदा सरकवलास तर सात-आठ जण रवंथ करत बसलेले असतात. त्यांच्यापासून ७५ फूट लांब राहायचं, अस्वल आणि मूस (एल्कहून मोठं हरीण) असेल तर १२०. जूनमध्ये पिल्लं असतात तेव्हा माद्या अंगावर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर येतात आणि रात्रभर शीळ घालतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजाऱ्याचं गेट कुरकुरतंय.

अस्वलाचं गमतीवारी नेऊ नका. गाडीत खाऊचं चिटोरंसुद्धा ठेवायचं नाही, गाडीचं दार त्यांना उघडता येतं. घराच्या दाराला खाली दाबायची दांडी असेल तर तेही उघडतात, गोल मूठ असेल तर जमत नाही. खालच्या मजल्यावर राहणार असाल तर रात्री दारं-खिडक्या लावायच्या, आणि कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच. बाहेर पिशवी ठेवली तर दंडही होतो.

---

बोल्डरचा_गोटा

म्हणजे ब उरलं. ब बद्दल चांगलं-वाईट दोन्ही सांगतो.

चांगलं : फॉल रिव्हर रोडचा तो पट्टा हॉटेल-काँडोंचाच आहे, निवासी भागातल्या मर्यादेची भानगड तिथे नाही. नऊ जण दोन युनिटमध्ये विभागले की संख्येचा प्रश्न मिटला. पार्कचं फॉल रिव्हर प्रवेशद्वार त्याच रस्त्यावर पुढे आहे. गावातली मोफत शटल मिळते का ते विचारा, जुलैत दुपारी एल्कहॉर्न अ‍ॅव्हेन्यू या गावातल्या मुख्य रस्त्यावर पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी.

वाईट : नदी. जाहिरातीत 'नदीच्या खळखळाटात झोपा' असतं. बर्फाचं पाणी उतरत असतं तेव्हा तो खळखळाट नसतो, शेजारून मालगाडी चालल्यासारखा आवाज असतो. जुलैच्या मध्यापर्यंत बराच उतरलेला असतो. पण दीड वर्षाचं बाळ आहे. डेक आणि पाणी यांमध्ये कठडा आहे का, गजांत किती अंतर आहे, हे फोटो मागवून बघा. पाणी बर्फाचं आहे आणि ओढ आहे, गुडघाभर दिसलं तरी.

आणि ही नदी तशी साधी नाही. १५ जुलै १९८२ ला वरचं लॉन लेकचं मातीचं धरण फुटलं आणि याच फॉल रिव्हरमधून लोंढा थेट एल्कहॉर्नवर आला, तीन माणसं गेली. २०१३ च्या सप्टेंबरात तर ३४ आणि ३६ हे दोन्ही हायवे वाहून गेले, गावाला बाहेर पडायला हायवे ७ आणि ट्रेल रिज एवढेच रस्ते उरले होते. घाबरवायला सांगत नाही. रात्री फोनवर पुराचा इशारा वाजला तर सामान न आवरता मागच्या उताराने वर चढायचं, एवढं पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून ठेवा.

---

उंटावरचा

आणि कॅन्सलेशन! याच्याकडे कोणी बघत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कॅमरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम अशा दोन वणव्यांमुळे अख्खं एस्टेस पार्क रिकामं करावं लागलं होतं. गेल्याच वर्षी (२०२४) जुलैअखेर लव्हलँडच्या पश्चिमेला अलेक्झांडर माउंटनचा वणवा लागला आणि ३४ नंबरचा रस्ता बंद झाला.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तेव्हा मालक म्हणाला, 'घर सुखरूप आहे, मोकळं आहे, या की.' रस्ता बंद, हवेत धूर, सासूबाईंना दमा. पैसे गेले ते गेलेच. करारात 'सक्तीने गाव रिकामं केलं तर परतावा' एवढंच लिहिलेलं होतं, आणि सक्ती त्या भागाला नव्हती. तेव्हा धूर आणि बंद रस्ता यांचं काय, हे बुक करायच्या आधी विचारा. विमा काढायचा तर तोही आधीच. वणवा पेटून बातमीत आला की त्यासाठी विमा मिळत नाही.

---

लव्हलँडकाकू

त्या वणव्याचा धूर माझ्या मागच्या अंगणातून दिसत होता. गाडीवर राख पडत होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

---

खडूस_भाडेकरू

पैशाचं सांगतो आणि गप्प बसतो. रात्रीचे ४९० हा आकडा मनातून काढून टाका. पाच रात्रींचे २,४५०, त्यावर साफसफाई (दोन युनिट म्हणजे दोनदा!), साइटची फी, कर. सगळं धरून शेवटचा आकडा काढा आणि नऊने भागा. १२ मे २०२५ पासून फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारचा) नियम लागू होतोय, जाहिरातीत सक्तीच्या सगळ्या फी धरूनच किंमत दाखवावी लागेल, सरकारी कर तेवढे वेगळे. तोवर शेवटच्या पानावर जाऊन बघायचं.

आणि कोणी 'साइटवर नको, थेट पैसे पाठवा, दहा टक्के कमी करतो' म्हणालं तर निरोप घ्या. फोटो दुसऱ्याच्या घराचे असतात.

---

पायवाट

वायएमसीए ऑफ द रॉकीजच्या केबिनचाही विचार करा. १९०७ पासूनची संस्था आहे, जागा गावाच्या नैऋत्येला, आवार प्रचंड, स्वयंपाकघर असलेल्या केबिन मिळतात. दिमाख नाही, पण पोरं दिवसभर मोकळी सुटतात.

---

ह्यूस्टनी | २ एप्रिल २०२५

वायएमसीएच्या आम्हाला हव्या त्या तारखा केव्हाच भरल्या होत्या. ब बुक केलं.

भावजयीला स्टेथोंचा प्रतिसाद वाचायला दिला. तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, 'बरोबर आहे. पण गालिचा बघवत नाही.' ते मलाही मान्य आहे.

मालकीणबाईंनी मागितलेले सगळे फोटो पाठवले. गाडी ते दार : सपाट, एक पायरी. डेकला लाकडी कठडा, गज जवळजवळ. शेगडी काचेची. बाथटबला धरायला दांडा नाही, पण 'वॉक-इन शॉवर' एका युनिटमध्ये आहे. बाबा तिकडे. एसी नाही, पंखे आहेत. रद्द करायची मुदत ३० दिवस आधीपर्यंत, आणि रस्ता बंद झाला तर तारीख बदलून देईन असं त्यांनी ईमेलवर लिहून दिलं.

---

बोल्डरचा_गोटा

मस्त. आता पार्कचं वेळेचं आरक्षण विसरू नका. यंदा (२०२५) जुलैचे स्लॉट १ जूनला सकाळी ८ ला (डेन्व्हरची वेळ) उघडतात. दोन प्रकार आहेत : बेअर लेकचा रस्ता धरून, आणि बेअर लेक वगळून. पहिल्यासाठी पहाटे ५ ते संध्याकाळी ६, दुसऱ्यासाठी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळात जाणाऱ्यांना लागतं. हुकलं तर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला उरलेले सुटतात, बोटं तयार ठेवा. आरक्षणाचे दोन डॉलर, पार्कची फी वेगळी. तुमचे उठणारे साडेपाचला उठतातच, तर नऊच्या आत फॉल रिव्हर गेटमधून आत जा, आरक्षणाशिवाय.

आई-बाबांसाठी स्प्रेग लेक. अर्धा मैलाची सपाट फेरी, व्हीलचेअरही जाते. लिली लेक हायवे ७ वर आहे. दुपारी एकच्या आत उंचावरून खाली या, जुलैत रोज दुपारी ढग भरतात आणि झाडं संपतात त्या रेषेच्या वर वीज तुम्हालाच शोधत येते.

---

ह्यूस्टनी | २१ जुलै २०२५

आलो परत. एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली रात्र डेन्व्हरला काढली. तरीही एस्टेसच्या पहिल्या रात्री आई दोन वाजता उठून बसली. डोकं दुखत नव्हतं, झोप येत नव्हती एवढंच. मी तिच्याबरोबर डेकवर बसलो. नदीचा आवाज चालू होता, गोटा म्हणाले तशी मालगाडी नव्हती, पण फार लांबही नव्हती. ती म्हणाली, 'पावसाळ्यात आपल्या मागच्या ओढ्याला असाच आवाज असतो रे.' मग म्हणाली, थंडी वाजते, चहा करू या. रात्री सव्वादोनला आम्ही दोघांनी चहा प्यायला. उकळून उकळून करावा लागला, काकू.

दुसऱ्या दिवसापासून दोघंही बरी होती.

दोन युनिट हा सगळ्यात चांगला निर्णय ठरला, आणि तो आम्ही मुळात घेतलेलाच नव्हता, नऊ माणसांनी घ्यायला लावला. एका युनिटमध्ये आई-बाबा आणि आम्ही, स्वयंपाक तिथेच. दुसऱ्यात भाऊ, भावजय आणि तिन्ही पोरं. रात्री नऊला तिकडचा दंगा तिकडे राहायचा. बाबा साडेनऊला झोपायचे आणि तीनदा उठायचे, आमच्याशिवाय कोणाला पत्ताही लागायचा नाही.

अलार्म एकदा वाजला. लसणाची फोडणी. त्यानंतर काकूंच्या इन्स्टंट पॉटमध्येच फोडणी दिली, डेकवर, बाहेरच्या प्लगला लावून. शेजारच्या युनिटमधले एक आजोबा वास कुठून येतोय ते बघायला आले आणि आमटी पिऊन गेले. झाल्यावर पॉट, ताटं, शितं, सगळं लगेच आत. अस्वलाची धास्ती होतीच, पण दिसलं काही नाही. एल्क मात्र रोज. बाबा सकाळी सहाला मफलर गुंडाळून काचेच्या दाराआड खुर्ची टाकून बसायचे आणि मोजायचे. शेवटच्या दिवशीचा आकडा १४.

ट्रेल रिज शेवटच्या दिवशी केला. माथ्याच्या अलीकडे एका थांब्यावर बाबा गाडीतून उतरले, दहा पावलं चालले, रस्त्याकडेच्या बर्फाला हात लावला आणि म्हणाले, बास. गाडीत बसले. आई उतरलीच नाही, काच खाली करून बघत होती. अ घेतलं असतं तर हा 'बास' पहिल्याच दिवशी घराच्या पायऱ्यांवर ऐकायला मिळाला असता.

परतताना अ च्या समोरून गेलो, भावजयीच्या आग्रहाने. लांबूनच. घर खरंच देखणं आहे. मोजल्या : रस्त्यापासून दारापर्यंत २३ पायऱ्या.

हिशेब : सगळं धरून माणशी ३५० च्या थोडं खाली. कापून काही घेतलं नाही.

---

स्टेथो

छान वाटलं वाचून. आईंचं बीपी?

---

ह्यूस्टनी

रोज सकाळी मोजत होतो, नेहमीसारखंच राहिलं. जाण्याआधी डॉक्टरांशी बोललो होतो, त्यांनी पाण्याचं तुमच्यासारखंच सांगितलं.

---

लव्हलँडकाकू

आणि माझ्याकडे न थांबता गेलास ना? ३४ वरून माझ्या घरावरूनच रस्ता जातो.

---

ह्यूस्टनी

काकू, ३६ ने गेलो, चुकलं. पुढच्या वेळी नक्की.

---

झंपी

गालिचा खरंच २००५ चा होता का?

---

ह्यूस्टनी

त्याच्याही आधीचा असावा. तिसऱ्या दिवशी त्यावर अख्खा कप चहा सांडला. कुठे सांडला ते नंतर आम्हालाच सापडेना.